मोजून चार रेघा

४ जून

प्रिय दादा,

आणि हे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या वहिनीला आधी नमस्कार. वहिनी, मधे कंटाळवाणा भाग येईल, पण गाळू नकोस. तोच कामाचा आहे.

फोनवर तू "हं" म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस, म्हणून पत्र. कागदाला "हं" म्हणून चालत नाही.

इस्पितळातलं आपलं जुनं यंत्र वर्षअखेर काढणार आहेत. तुझा निरोप्या नव्या यंत्रावर चढवायचं काम माझ्याकडे आलंय. (वहिनी, तुझ्यासाठी सांगते: प्रयोगशाळेत एखाद्या रुग्णाचा निकाल धोक्याचा आला की त्याच्या विभागाच्या पडद्यावर लगेच लाल निरोप पाठवणारा जो प्रोग्राम दादाने लिहिला, त्याला आम्ही निरोप्या म्हणतो.) सहापैकी पाच विभागांचे निरोप आजही तोच पाठवतो. सहावा, नवजात बाळांचा, तू गेलास त्या दिवसापासून बंद आहे. त्यांचे निकाल प्रयोगशाळेतल्या एक बाई फोनवरून वाचून दाखवतात. सात वर्षं, रोज. आता त्या निवृत्त होतायत, आणि निरोप्या पुन्हा सुरू करा असा हुकूम आलाय.

विभागांच्या यादीत आधी घराचं म्हणजे इमारतीचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खोलीचं म्हणजे विभागाचं नाव, हे मला ठाऊक आहे. तीच रेघ संगणकाला "पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ घेऊ नकोस" असंही सांगते, म्हणून ती नुसती रेघ म्हणून हवी असेल तर दोनदा लिहायची, हेही तूच शिकवलंस. पण तुझी यादी आधी तुझा तो वाचक, यादी उलगडून देणारा छोटा प्रोग्राम, वाचतो आणि मग निरोप्या. वाचकाची टिपणं कुठेच नाहीत. पाच ओळी जशा आहेत तशा चालतात. नवजातची ओळ मात्र कुणीतरी काढूनच टाकलीय. तिथे रेघा किती घालू? मला अंदाजाने काही लिहायचं नाही. त्या ओळीत तर नाहीच.

त्या प्रकरणाबद्दल मी काही विचारत नाहीये. फक्त रेघा किती ते सांग.

डोळ्यांचं नवं काही? सकाळचं थोडं तरी दिसतं का अजून?

तुझी
टापटीपबाई


१९ जून

प्रिय वन्सं,

पत्र पोचलं. दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "लिहून घे." मी आधी कच्चं लिहून घेते आणि मग पक्कं करते, कारण हे बोलता बोलता मागे फिरतात आणि एकच गोष्ट चारदा सांगतात. खालचं यांचं.

"जुनी यादी उघडू नकोस. जुन्या प्रती शोधत बसू नकोस. नवी यादी नव्याने लिही. घराचं नाव, मग रेघा दोन, अशा: \\ आणि मग खोलीचं नाव. सहाही ओळींत सारख्याच. खोट्या रुग्णाच्या नावाने तपासून बघ आणि मगच चालू कर. बाकी बरं आहे."

एवढंच. आता माझं.

डोळे तसेच. सकाळी उजेडाची कड दिसते म्हणतात. माझ्या दुकानातली बटणं यांच्यापुढे ओतते, हे बोटांनी चाचपून दोन भोकांची आणि चार भोकांची वेगळी करतात. तीस वर्षं यंत्रांशी बोललेला माणूस. मी समोर बसून लोकांच्या विजारी आखूड करते. माझ्या भावाच्या घराच्या वरच्या खोलीत राहतो आम्ही, पायऱ्या सतरा, त्या यांना पाठ झाल्यात.

तू ते प्रकरण विचारत नाहीस म्हणतेस, पण मी रोज विचारते, मनात. एक रेघ, गं! कापडावर खडूची खूण इकडची तिकडे झाली तर मी उसवते आणि परत शिवते. यांच्या रेघेने एका बाळाचे कान गेले. अहवालात लिहिलं होतं, "प्रोग्राम लिहिणाऱ्याचा निष्काळजीपणा." यांनी तोंडातून चकार शब्द न काढता खाली सही केली. मी तेव्हा म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तर म्हणाले, "चूक झालीय, बोलायचं काय." तेव्हापासून मिठाची गुळणी.

तू तुझी तब्येत सांभाळ. एकटी राहतेस, जेवणाची आबाळ करू नकोस.

वहिनी


२ जुलै

दादा,

या पत्रात गोड काही नाही.

तू सांगितल्याप्रमाणे दोन रेघा घातल्या. सहाही ओळींत. खोट्या रुग्णाचा खोटा निकाल तयार केला आणि सहा विभागांना धाडला. हाडं, हृदय, पोट, त्वचा, स्त्रिया, सगळीकडे लाल निरोप आला. नवजात विभागात पडदा कोरा. निरोप्याने कुरकुरही केली नाही. पाच पाठवले, सहावा गिळला, आणि खाली लिहिलं: काम पूर्ण.

मी तिथे उभी होते, त्या पडद्यासमोर. पाळण्यात एक बाळ हात वर करून झोपलं होतं. परिचारिका म्हणाली, "मॅडम, काही यायचं होतं का?"

मग कागदावर मांडून बघितलं. तुझा वाचक दोन रेघांची एक करतो. मग निरोप्या ती एक वाचतो. बाकीच्या खोल्यांच्या नावांची पहिली अक्षरं निरुपद्रवी आहेत, म्हणून तिथे रेघ रेघच राहते. नवजातचं इंग्रजी नाव एन या अक्षराने सुरू होतं, आणि रेघेपुढे एन आला की संगणक समजतो, नवी ओळ सुरू करायची. नावाचे दोन तुकडे होतात आणि तशी खोलीच सापडत नाही. म्हणजे सात वर्षांपूर्वी झालं तेच, जसंच्या तसं.

दादा, तुला हे माहीत नसणं शक्य नाही. वाचक तूच लिहिलास. मग दोन का सांगितलेस? विसरलास? की तो विभाग पुन्हा सुरू होऊच नये असं तुला वाटतं? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी कुणाला काही बोलणार नाही, पण मला कळू दे.

टापटीपबाई


१० जुलै

प्रिय वन्सं,

यांच्यावर रागावू नकोस. घोळ माझा आहे.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर हे ताडकन उभे राहिले. "दोन? मी चार सांगितल्या!" कच्चा कागद मी बटणांच्या डब्यात ठेवला होता, तो काढला. त्यावर माझ्याच हाताने चार रेघा आहेत. पुढे यांचे शब्दही आहेत, "चार, मोजून चार." पक्कं करताना मीच दोन केल्या. मला वाटलं, पेन घसरलं असेल, किंवा हे नेहमीसारखं दोनदा बोलले असतील. शेजारी शेजारी चार काड्या, कसलं ते ध्यान दिसत होतं! आणि तूच लिहिलं होतंस ना, नुसती रेघ हवी तर दोनदा लिहायची. म्हटलं, बरोबर, दोन. अति शहाणी मी. पान नीटनेटकं केलं आणि तुझा जीव टांगणीला लावला.

मी हे सगळं यांना सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. तर हसले, गं. कितीतरी वर्षांनी. पण ते हसणं काही बरं नव्हतं. खाली बसले आणि म्हणाले, "म्हणजे हिच्याही हातून तेच झालं."

"हिच्याही म्हणजे? आणखी कुणाच्या?" मी विचारलं.

यांनी बटणांचा डबा बाजूला सारला. तेव्हापासून बटणांनाही हात लावलेला नाही.

तुला काही कळतंय का? मला तर यांच्या भाषेतलं काही कळत नाही, ना यंत्राच्या ना यांच्या.

तर रेघा चार. अशा: \\\\ आणि शपथेवर सांगते, मोजल्यात.

वहिनी


२४ जुलै

वहिनी,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. आधी तू एकटी वाच. मग त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

"वाटलं, पेन घसरलं असेल." तुझं हे वाक्य मी परत परत वाचलं. कारण हेच वाक्य एकदा माझ्या मनात येऊन गेलंय. फक्त पेनाच्या जागी संगणकाची कळ होती. कळ अडकली असेल.

तुला आठवतं, तुझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दादा आठ दिवस रजेवर होता? मी तेव्हा त्याच्या हाताखाली नवी होते, रेघ दोनदा लिहायची हे नुकतंच शिकलेली. तो नाही तर मोकळं बसण्यापेक्षा म्हटलं, त्याच्या याद्या आवरून ठेवू. ओळी एकाखाली एक आणल्या. जादा जागा काढल्या. आणि जिथे जिथे चार रेघा होत्या तिथे दोन केल्या. मला शिकवलं होतं ना, दोन! अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी. त्याने परत आल्यावर पानं बघितली आणि म्हणाला, "छान! टापटीपबाई आहेस." ते नाव मला तेव्हा मिळालं. ते मी आजवर पत्राखाली मिरवत आले.

आठवण काही पुरावा नाही, म्हणून तळघरातल्या कपाटातून जुनी प्रत काढली. दादाने शोधू नकोस म्हटलं होतं ती. प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. माझं नाव आहे. तुझ्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. त्यानंतर दहाव्या दिवशी ते बाळ जन्मलं. काविळीचा निकाल दुपारी आला, निरोप गेला नाही, दुसऱ्या संध्याकाळी कुणीतरी कागद चाळताना सापडला. तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला होता, "यादी कुणाची?" मी म्हटलं, "दादांची." खोटं बोलले नाही, वहिनी. मला खरंच तसं वाटत होतं. ती यादी माझ्या हाताखालून गेलीय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नीटनेटकं करणं म्हणजे काही बदलणं असं मला वाटतच नव्हतं.

त्याला माहीत आहे. "हिच्याही" चा अर्थ तो.

मी कार्यालयात अर्ज देणार आहे, अहवाल दुरुस्त करा म्हणून. त्याचं नाव तिथून निघायला हवं. तू सांगशील तर आधी तुझ्याकडे येते. नको म्हणालीस तर येत नाही.

खाली काय सही करू कळत नाही.


३ सप्टेंबर

तुझं पत्र आलं त्याला महिना उलटून गेला. अकरा दिवस मी ते यांना वाचून दाखवलं नाही. शिवणयंत्राच्या खणात ठेवलं होतं. हे रोज विचारायचे, "टपाल?" मी म्हणायची, नाही.

अकरा दिवस मी काय करत होते सांगू? हिशोब नव्हते करत. आठवत होते. सात वर्षांत यांना काय काय बोलले ते. भाजी करपली तरी, पायरी चुकली तरी, "तुमचं लक्ष कुठे असतं? लक्ष असतं तर ही वेळ आली असती का?" एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला, गं. आणि हे ऐकून घ्यायचे.

बाराव्या दिवशी वाचलं. सगळं. एक शब्द गाळला नाही. मग मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी बायको आहे तुमची, चौकशी अधिकारी नाही."

हे म्हणाले, "तू तिला कधी माफ केलं नसतंस. आणि सासरची माणसं तुला आहेत किती? एक नणंद."

मला इतका राग आला की मी खाली निघून गेले. सतरा पायऱ्या उतरले आणि दुकान उघडून दुपारभर नुसती बसले. राग कशाचा, तर यांचं बरोबर होतं याचा.

खालचं यांचं. हे मी पक्कं केलेलं नाही, बोलले तसं आहे.

"तुला वाचवायला मी गप्प बसलो असं समजू नकोस, मी एवढा मोठा नाही. रेघा तू काढल्यास, खरं. पण विभाग सापडला नाही तर काही न बोलता पुढे जा, ही ओळ माझी. मी लिहिली. कारण बारीकसारीक गोष्टीला थांबून ओरडणारा प्रोग्राम मला आवडायचा नाही. तो ओरडला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि तुझी पानं मी बघितली. सरळ ओळी बघितल्या, छान म्हणालो. मोजलं नाही. मोजलं नाही. सही केली ती माझ्या चुकीखाली केली. तुझी चूक त्याच कागदावर मावली एवढंच. अर्ज करू नकोस. काय मिळणार त्याने?"

आता माझं. अर्ज कर. यांचं ऐकू नकोस, हे नेहमी गप्प बसायचाच सल्ला देतात, माणसालाही आणि यंत्रालाही.

आणि माझ्याकडे येऊ नकोस. मला तुझा राग आलाय. तो जाईल असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही.


२० ऑक्टोबर

वहिनी, दादा,

अर्ज दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सात वर्षांपूर्वीची फाईल बंद झाली. बंद फाईलमध्ये पान घालता येत नाही." मी म्हटलं, मग उघडा. ते म्हणाले, "बाई, तुमचं चांगलं चाललंय. कशाला?" अर्जाच्या प्रतीवर पोच मात्र दिली. ती या पत्रात ठेवलीय. दादाचं नाव अहवालातून निघालेलं नाही. माझं त्यात आलेलं नाही. कागदावर सगळं होतं तसंच आहे.

मग मी त्या बाळाच्या आईकडे गेले. इस्पितळामागची तिसरी गल्ली, दुसरा मजला. आता मी कुणाची परवानगी विचारली नाही. दार उघडलं, मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, कारण आत बोलावलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

ती म्हणाली, "सात वर्षं मी एका माणसाला शिव्याशाप देत आले. झोपताना, उठताना. आता ते दोघांत वाटू का?"

मी म्हटलं, "त्यांचे परत घ्या. सगळे मला द्या."

"दिलेले परत येतात होय?" ती म्हणाली. "आंधळे झाले म्हणता ते?" मी मान हलवली. तिने पदराने तोंड पुसलं, पण रडत नव्हती. "मी तसं काही मागितलं नव्हतं हो," म्हणाली. "तेवढं सांगा त्यांना."

मुलगी आत जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. माझ्याकडे तिची पाठ होती. मी बोलत होते, तिची आई बोलत होती, खाली गाडीचा भोंगा वाजला. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी जिना उतरेपर्यंत नाही.

नवजात विभागाचा निरोप सोमवारी सुरू झाला. रेघा चार घातल्या: वाचक चाराच्या दोन करतो, निरोप्या त्या दोनाची एक. ती "पुढे जा" ची ओळ काढली, दादा. आता खोली सापडली नाही तर निरोप्या थांबतो आणि प्रयोगशाळेतली घंटा वाजत राहते, कुणीतरी येऊन बघेपर्यंत. लोक वैतागलेत. यादीच्या डोक्यावर पुढच्या माणसासाठी एक टीप लिहिलीय: "रेघा चार आहेत. कळ अडकलेली नाही. यातली एकही काढण्याआधी खालच्या दोघांना विचारा." खाली आपली दोघांची नावं आहेत. अहवालात नाहीत तर तिथे तरी.

पहिला खरा निरोप मंगळवारी सकाळी गेला. फोनवाल्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोचला?" मी म्हटलं, पोचला. तरी त्यांनी फोन उचलला आणि विभागाला विचारून घेतलं. मी अडवलं नाही.

तुमची


९ नोव्हेंबर

पत्र वाचून दाखवलं. त्या आईचं वाक्य आलं तेव्हा हे म्हणाले, "परत वाच." तीनदा वाचलं. मग बराच वेळ डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने मोजत राहिले.

पोच यांच्या हातात दिली. कागद नाकाशी नेला, उजेडाकडे धरला, काही दिसलं नाही. मग मी वाचली. तुझं नाव, तारीख, "अहवालातील दुरुस्तीबाबत". घडी करून खिशात ठेवली. मी शर्ट धुवायला घेताना दर वेळी काढते आणि दुसऱ्या शर्टात घालते.

माझं म्हणशील तर राग आहे. थोडा माझ्याकडेही वळलाय, त्याचंही ओझं होतं. मी ये म्हणत नाही. अजून नाही.

पण हे काल म्हणाले, "कागद दे, मी लिहितो." मी म्हटलं, "दिसतंय काय तुम्हाला?" तर म्हणाले, "तुझ्या हातून गेलं की नीटनेटकं होतं." बोलणं लागलं मला. पण कागद दिला, हात धरून कडेला टेकवून दिला.

ते पान सोबत आहे. ओळी एकमेकींवर चढल्यात, टापटीपबाई हा शब्द पानाबाहेर गेलाय आणि त्याचं शेपूट माझ्या टेबलावर राहिलंय. खाली फक्त "ये" लिहिलंय, आणि त्याच्या शेजारी परत "ये".

दोनदा पडलंय की मुद्दाम लिहिलंय, मी विचारलं नाही. खोडलेलंही नाही.

वहिनी